कपाटात पडून राहिलेली काच

"जवळपास वापरलेलीच नाहीये." लेन्स माझ्या हातात देताना त्या गृहस्थांनी हे वाक्य दोनदा उच्चारलं आणि दोन्ही वेळा मला ते पटलं. 135 मिमीची जुनी मॅन्युअल लेन्स, बाहेरून अगदी करकरीत. कोरलेल्या आकड्यांतला रंग कुठे उडाला नव्हता, फोकसच्या कड्याला हाताचा मळ लागला नव्हता, माउंटच्या धातूवर कॅमेऱ्याला लावल्या-काढल्याची एक रेघसुद्धा नव्हती. सोबत मूळची चामडी डबी, आतल्या लाल मखमलीसकट. संध्याकाळ झाली होती. खोलीत एकच पिवळा दिवा होता आणि त्यांना कुठेतरी निघायचं होतं. मी लेन्स डोळ्याला लावून त्या दिव्याकडे पाहिलं. स्वच्छ दिसलं. पैसे मोजून दिले आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीला पाठ करून बसली होती, तिचा फोटो काढला. चित्रभर पांढुरकी झाक पसरली होती, जणू मधे कुणी ओला पातळ पडदा धरलाय. आईची काळी शाल करडी दिसत होती. मी आधी कॅमेऱ्यावर संशय घेतला. एक्स्पोजर कमी केलं, कॉन्ट्रास्ट वाढवला, सेन्सर तपासला, सगळा दिवस सेटिंग्जशी झटापट करण्यात गेला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. रात्री दिवे मालवले, लेन्सची दोन्ही झाकणं काढली, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड किती आत येईल ते ठरवणारं पात्यांचं छिद्र, पूर्ण उघडलं आणि मागच्या बाजूने टॉर्चचा झोत तिरपा आत सोडला.

आतल्या एका भिंगावर काठापासून मध्याकडे सरकत गेलेले तंतू होते. पिंजलेल्या कापसासारखे बारीक, जागोजागी फांद्या फुटलेले. टॉर्च थोडी हलवली की ते चमकायचे, पुन्हा हलवली की नाहीसे व्हायचे. त्याच्या मागच्या काचेवर, आरशावर श्वास सोडल्यावर येतं तसं, एकसारखं धुकं बसलं होतं. आदल्या संध्याकाळी डोळ्याला लावून सरळ दिव्याकडे पाहताना यातलं काहीच दिसलं नव्हतं. सरळ आरपार पाहिलं की ते दिसतच नाही. त्याला तिरपा उजेड लागतो आणि दोन मिनिटांचा निवांतपणा.

ते गृहस्थ खोटं बोलले नव्हते, हे समजायला मला बराच काळ लागला. लेन्स खरोखरच वापरलेली नव्हती आणि तिचा आजार नेमका तोच होता. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना वाढायला अंधार, ओलसर आणि न हलणारी हवा, आणि खायला थोडं काहीतरी लागतं. धूळ पुरते, बोटांचे ठसे पुरतात. चामड्याची डबी ओल धरून ठेवते, म्हणजे बुरशीला हवं ते सगळं एकाच ठिकाणी. हवेतली आर्द्रता सतत 60 टक्क्यांच्या वर राहिली की धोका वाढत जातो. वाढताना बुरशी आम्ल सोडते आणि ते भिंगावरचं कोटिंग खातं. बरेच दिवस तसंच राहिलं तर काचही खातं. ते दुसऱ्या काचेवरचं धुकं म्हणजे फोकसच्या आट्यांमधलं वंगण. वर्षानुवर्षं त्यातला तेलकट अंश उडून थंड काचेवर बसत राहतो. लेन्स वापरात असली की ती उजेडात येते, वाऱ्यावर फिरते, मालक अधूनमधून तिच्याकडे बघतो. कपाटातल्या डबीत यातलं काहीच घडत नाही.

तेव्हापासून कुठल्याही जाहिरातीत "न वापरलेली" हे शब्द आले की मी जरा जास्त सावध होतो. झिजलेल्या कडांची, काळा रंग उडून खालचं पितळ दिसणारी लेन्स हातात आली की मात्र मला बरं वाटतं. कुणीतरी हिच्यावर भरवसा ठेवला होता, पुन्हा पुन्हा हिलाच पिशवीत टाकलं होतं, हे त्या पितळावर लिहिलेलं असतं.

टॉर्च कशी धरायची हे एकदा हाताला कळलं की बाकीचं सोपं जातं. आधी मागून, मग पुढून, दर वेळी झोत तिरपा आणि डोळा झोताच्या रेषेबाहेर. अशा उजेडात धुळीचे कण दिसतातच, अगदी नव्या लेन्समध्येही दिसतात. त्यांना घाबरू नये, चित्रात ते येत नाहीत. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडाही बहुतेक वेळा येत नाही. मागच्या काचेचं तसं नाही. ती सेन्सरच्या जवळ असते आणि तिथला ओरखडा किंवा डाग, विशेषतः उजेडासमोर, चित्रात उतरू शकतो. लोक नेमकं उलटं करतात. पुढच्या काचेवर रेघ दिसली की लेन्स परत ठेवतात आणि मागचं झाकण काढायचं त्यांना सुचतही नाही. कडेला इंद्रधनुष्यी वर्तुळं किंवा चंदेरी चकंदळं दिसली तर दोन भिंगं जोडणारा चिकटा सुटायला लागलाय असं समजावं. जुन्या लेन्समध्ये हा चिकटा कॅनडा बाल्समचा, म्हणजे बाल्सम फर या झाडाच्या राळेचा असे. बुरशी आणि धुकं वेळेत सापडलं तर जाणकार कारागीर उघडून पुसून देतो. सुटलेला चिकटा पुन्हा बसवण्याचा खर्च मात्र बहुतेक लेन्सच्या मोलापेक्षा जास्त होतो.

काचेवरच्या प्रत्येक डागाला वैरी समजू नये, याची एक गोष्ट मला फार आवडते. 1886 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या लक्षात आलं की जुनी, पृष्ठभाग किंचित काळवंडलेली काच नव्या काचेपेक्षा जास्त उजेड आत सोडते. पुढे कुक ट्रिप्लेट या तीन भिंगांच्या लेन्सचा रचनाकार डेनिस टेलर यालाही कळकटलेल्या लेन्सच्या बाबतीत हेच आढळलं. लोक ज्याला खराबी म्हणत होते तो काचेवर निसर्गतःच चढलेला एक पातळ थर होता आणि तो परावर्तन कमी करत होता. टेलरने काच मुद्दाम रसायनाने तशी करण्याचं पेटंट 1904 मध्ये घेतलं. 1935 मध्ये झाइस या जर्मन कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वातात कोटिंग चढवण्याची पद्धत पेटंट केली. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के उजेड परत फिरतो. सहा सुटी भिंगं म्हणजे बारा पृष्ठभाग, म्हणजे जवळपास 39 टक्के उजेड वाटेतच गेला, आणि त्यातला काही आत इकडेतिकडे आपटून चित्र फिकं करतो. आज जुनी लेन्स दिव्याखाली तिरपी धरल्यावर जांभळी, पिवळसर, निळी झाक दिसते ती त्या कोटिंगची. मधेच एखाद्या गोल पट्ट्यात ती झाक नाहीशी झालेली दिसली, तर तिथे कुणीतरी शर्टाच्या टोकाने वर्षानुवर्षं काच पुसली आहे.

पेंटॅक्सची सुपर टाकुमार 50 मिमी एफ/1.4 ही अशीच एक, जिच्याबद्दल ऐकीव माहितीवर निर्णय घेऊ नये. हिच्या सात भिंगांच्या आवृत्तीत थोरियम मिसळलेली काच आहे आणि ती काळानुसार पिवळी पडते. आरपार पाहिलं तर फिक्या मधासारखा रंग दिसतो. माहीत नसलेला माणूस बिघडलेली म्हणून सोडून देतो. प्रत्यक्षात काही दिवस ते काही आठवडे खिडकीत ऊन खात ठेवली की अतिनील किरणांनी तो पिवळेपणा बराच उतरतो. ऊन फक्त आडोशाने आणि एका बाजूचं झाकण लावून द्यावं, कारण भिंग आहे, पलीकडे आग लावू शकतं. माझी खिडकीत होती तेव्हा रोज सकाळी पांढऱ्या कागदावर ठेवून रंग किती उतरला ते बघायचा मला नादच लागला होता.

आता अ‍ॅपर्चर. पात्यांवर तेलाची चमक दिसली की दोन प्रश्न विचारायचे. पहिला, पाती झटकन मिटतात का? मागचा छोटा खटका बोटाने दाबून सोडला की पाती क्षणात जागेवर यायला हवीत. रेंगाळली, तर कॅमेऱ्यावर फोटो कधी जास्त उजळ येईल, कधी बरोबर, आणि कारण सापडता सापडणार नाही. दुसरा प्रश्न, या लेन्सला ती झटकन मिटायची गरज तरी आहे का? हेलिओस-44-2 सारख्या लेन्समध्ये, जी झाइस बायोटारच्या 58 मिमी एफ/2 रचनेवर बेतलेली आहे, अ‍ॅपर्चर हाताने कडं फिरवून मिटवायचं असतं. तिथे पात्यांवर थोडं तेल असणं नेहमीचंच आहे आणि त्याने काही बिघडत नाही. तेच तेल स्वयंचलित लेन्समध्ये असेल तर घेऊ नये. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये, 1987 पासून, अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, म्हणून लेन्स नुसती हातात घेऊन काहीच कळत नाही. ती कॅमेऱ्याला लावून एफ/8, एफ/16 ला, म्हणजे अ‍ॅपर्चर मिटवून, फोटो काढून बघावेत. काही झूम लेन्समध्ये आतली लवचीक केबल वाकून वाकून तुटते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर सगळं छान चालतं आणि मिटवायला गेलं की कॅमेरा एरर देतो. विकणारा पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवरचे दोन सुंदर फोटो दाखवतो आणि घेणारा तेवढ्यावरच खूष होतो.

सगळ्यात फसवा दोष काचेत दिसतच नाही. लेन्स कधीतरी पडलेली असते, आतलं एक भिंग केसभर सरकलेलं असतं, बाहेरून सगळं ठीक. चित्राची डावी बाजू धारदार आणि उजवी बाजू मऊ येते. मी एकदा महिनाभर असं समजत होतो की माझा फोकसच चुकतोय. हे तपासायची माझी पद्धत साधी आहे. कॅमेरा टेकवून अगदी लांबचं दृश्य घ्यायचं, इमारतीची कड किंवा झाडांची रांग. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं. तेच टोक एकदा वरच्या डाव्या कोपऱ्यात, एकदा उजव्या, मग खालच्या दोन कोपऱ्यांत आणून चार फोटो काढायचे. प्रत्येक वेळी फोकस त्याच जागी राहू द्यायचा. मग चारही कोपरे मोठे करून शेजारी शेजारी बघायचे. सगळेच थोडे मऊ असतील तर ती त्या रचनेची मर्यादा. एकच मऊ असेल तर लेन्सला मार बसलाय. फिल्टर लावायच्या पुढच्या कड्याला पोचा असेल, किंवा माउंटच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील, तर ही तपासणी चुकवायचीच नाही. झिजलेली खाच म्हणजे कुणीतरी लेन्स उघडली होती आणि त्याच्याकडे योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर नव्हता.

पण पोचा म्हणजे नकार, असंही मी म्हणणार नाही. माझी आत्ताची सर्वांत लाडकी लेन्स पोचा पडलेली आहे. ती ज्यांच्याकडून घेतली त्यांनी दार उघडून मला आत बसवलं आणि मी पिशवीतून टॉर्च काढायच्या आधी स्वतःच बोट ठेवून दाखवलं.

"हे इथं बघा. पायऱ्यांवर पडली होती. त्यानंतर फिल्टर नीट बसत नाही. झूम ओढताना मधे एके ठिकाणी थोडी खरखरते, ते तेव्हापासूनच."

"आणि फोटोत काही फरक, काका?"

"मला तरी दिसला नाही. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा. घाई नाही."

मी खिडकीशी उभं राहून अर्धा तास बघितलं. ते शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होते. एकदाही त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. लेन्सच्या बाबतीत माझं मत बनलं ते तिथे. दोष सांगणारा माणूस आणि वेळ देणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो. "आत्ताच घ्या, दुसरा माणूस येतोय" असं म्हणणाऱ्याकडची लेन्स कितीही चांगली असो, मी नमस्कार करून निघतो.

समोरासमोर भेटणं शक्य असेल तर दिवसा, माणसांची वर्दळ असलेल्या जागी, स्वतःचा कॅमेरा आणि स्वतःचं कार्ड घेऊन भेटावं. दुरून घ्यायची वेळ आली तर मी विकणाऱ्याला तीन गोष्टी मागतो. लेन्सशेजारी कागदावर आजची तारीख लिहून काढलेला फोटो, सीरियल नंबरचा स्पष्ट फोटो, आणि टॉर्चच्या उजेडात लेन्स सावकाश फिरवून काढलेला छोटा व्हिडिओ. जाहिरातीतले फोटो दुसऱ्या कुणाचे उचललेले असतील तर पहिल्याच मागणीला उत्तरं लांबायला लागतात. इंटरनेटवर चित्रावरून चित्र शोधूनही पुष्कळदा ते उघडं पडतं. पैसे द्यायचे ते माल न आल्यास किंवा वर्णनाप्रमाणे नसल्यास परत मिळतील अशाच मार्गाने. "शुल्क वाचेल, मित्राला पाठवतो तसे पाठवा" ही विनंती आली की मी तिथेच थांबतो, कारण तसे पाठवलेले पैसे सहसा परत मागता येत नाहीत. पार्सल उघडताना शिक्क्यापासून आतल्या सीरियल नंबरपर्यंत एकसलग चित्रण करून ठेवतो. तो नंबर जुळला नाही किंवा खरवडलेला निघाला, तर लेन्स कितीही आवडली तरी घेऊ नये. कुणाच्या तरी चोरीला गेलेल्या वस्तूने फोटो काढण्यात मन रमत नाही.

नकलांचा प्रश्नही जुनाच. सोव्हिएत काळात खारकिव्हमध्ये 1934 पासून फेड नावाचा कॅमेरा बनत होता, तो लायका 2 या जर्मन कॅमेऱ्यावरून केलेला. पुढे त्याच कॅमेऱ्यांवर लायकाचं नाव कोरून, सोनेरी मुलामा देऊन, विमानदलाची वगैरे चिन्हं घालून ते दुर्मिळ लायका म्हणून विकले गेले आणि अजूनही विकले जातात. लेन्स काढून आत पाहिलं की रेंजफाइंडरच्या, म्हणजे अंतर मोजून फोकस साधणाऱ्या यंत्रणेच्या, दांडीचं टोक दिसतं. लायकात तिथे गोल चाक असतं, फेडमध्ये पाचरीसारखं टोक. मला फेड आवडतो, तो फेड म्हणून घ्यावा.

माउंटचा विचार घरीच करून जावा. निकॉन एफ माउंट 1959 पासून आहे, पण 1977 पूर्वीच्या, एआय (अ‍ॅपर्चरचा आकडा कॅमेऱ्याला कळवायची निकॉनची सोय) न केलेल्या लेन्स नंतरच्या अनेक कॅमेरा बॉडींवर जबरदस्तीने चढवल्या तर बॉडीचा खटका मोडू शकतो. निकॉनच्याच एएफ-डी या जुन्या ऑटोफोकस लेन्सना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते, ती डी3000 किंवा डी5000 मालिकेत नाही. कॅनन एफडीचं माउंट-ते-फिल्म अंतर 42 मिमी, ईएफचं 44, म्हणून मधे काचेचा अडॅप्टर लावल्याशिवाय ईएफ बॉडीवर एफडी लेन्स लांबचा फोकस गाठत नाही. सोनी ई माउंटचं अंतर 18 मिमी आहे, तिथे जवळपास काहीही चालतं. जुन्या लेन्सना मिररलेस कॅमेऱ्यांनी जे नवं आयुष्य दिलं ते या उरलेल्या मिलिमीटरांमुळे.

बॉडीबद्दल थोडंच सांगतो, कारण माझा जीव काचेत आहे. शटर साधारण एक ते दोन लाख फोटोंसाठी बांधलेलं असतं. निकॉन तो आकडा फोटोच्या माहितीत लिहून ठेवतो, कॅननमध्ये तो बहुधा असा सहज मिळत नाही. पांढऱ्या भिंतीचा एफ/16 ला फोटो काढला की सेन्सरवरचे डाग दिसतात. फिल्म कॅमेऱ्यात मागचं झाकण उघडून उजेड अडवणाऱ्या फोमची चिकट पूड झालीय का ते बघावं आणि एक सेकंदाचं शटर कानाने ऐकावं. ते अडखळलं तर बाकी मंद वेगही अडखळणार. कापडी पडद्याचा रेंजफाइंडर असेल तर पडदा उजेडासमोर धरावा. झाकण न लावता उन्हात ठेवलेल्या कॅमेऱ्यात लेन्सने स्वतःच पडद्याला भोक पाडलेलं सापडतं.

त्या 135 मिमीचं पुढे काय झालं ते राहिलं. एका कारागिराकडे ती उघडून घेतली. धुकं पूर्ण गेलं, बुरशीही गेली, पण जिथे आम्लाने कोटिंग खाल्लं होतं तिथे गोगलगाय चालून गेल्यासारख्या दोन फिकट रेघा कायमच्या राहिल्या. चामडी डबी मी टाकून दिली. लेन्स हवेशीर फडताळात, आर्द्रता 40 ते 50 टक्के राहील अशा बेताने, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी आली आणि मग कायम बाहेरच राहिली. पुढची सहा वर्षं तिने माझ्या घरातली जवळजवळ सगळी माणसं टिपली. आकड्यांतला रंग उडाला, माउंटवर रेघा पडल्या, फोकसचं कडं हाताच्या तेलाने गुळगुळीत झालं. आईच्या त्याच काळ्या शालीचा एक फोटो, पुन्हा खिडकीसमोरचा, माझ्या टेबलावर आहे. शाल त्यात काळी आहे.

गेल्या काही महिन्यांत मी 85 मिमीकडे वळलो आणि ही फडताळातच राहायला लागली. तिसऱ्या महिन्यात ते लक्षात आलं तेव्हा मला राहवेना. विकायला काढली. वर्णनात दोन रेघांचा टॉर्चखालचा फोटो सगळ्यात आधी टाकला.

परवा एक मुलगी ती बघायला आली. बसायच्या आधीच तिने विचारलं, "किती वापरलीय, काका?"

"भरपूर," मी म्हणालो आणि पडदा बाजूला केला. तिने पिशवीतून टॉर्च काढली, मागचं झाकण उघडलं आणि झोत तिरपा धरला.